रेडिओ शाळेत का बंद असतो?

शाळेतून बोलावणं आलं तेव्हा सोफेवाल्याला वाटलं, पोरगी फार बोलते म्हणून तक्रार असणार. नववीतल्या त्याच्या लेकीला घरात सगळे रेडिओच म्हणत. शाळा सुटली की ती दुकानात बसकण मारायची, जुन्या सोफ्यांचे खिळे उपटायला लागायची आणि दिवेलागणीपर्यंत तिची टकळी चालू. त्याने वाटेतच माफीची दोन वाक्यं जुळवून ठेवली.

विज्ञानाच्या बाई मात्र भलतंच बोलल्या. "तुमची मुलगी वर्गात तोंडच उघडत नाही."

"बाई, तुम्ही दुसऱ्याच कुणाच्या मुलीबद्दल बोलताय."

"तुमच्याच. लिहिते छान. पण उभं केलं की मान खाली. आता तोंडी परीक्षा आलीय. मी रागावून पाहिलं, गोंजारून पाहिलं. घरी कशी असते?"

"घरी तिला बंद करायचं बटण सापडत नाही."

बाई हसल्या नाहीत. खुर्ची पुढे ओढून त्यांनी विचारलं, "नेमकी कधी बोलते? कुठे? कुणाशी?"

रोज कानावर पडणारा आवाज, पण सोफेवाल्याने त्याच्याकडे असं कधी पाहिलंच नव्हतं. "बघून सांगतो," तो ओशाळून म्हणाला.

"मीही इथे बघते. शाळेतसुद्धा ती कुणाशी तरी बोलत असेलच की."

घरी बायकोने ऐकून नाक मुरडलं. "पोटच्या पोरीवर पाळत ठेवायची? बरं दिसतं का?" पण त्या रात्री जेवताना तिचेच कान जास्त टवकारलेले होते. तिनेच पहिल्यांदा हेरलं, की ताटावर पोरगी हो-नाहीपलीकडे जात नाही. मग मामा आला. त्याने "काय, अभ्यास कसा चाललाय?" म्हणून विचारताच पोरगी पाणी आणायला आत गेली ती बाहेर आलीच नाही. आईबापांनी एकमेकांकडे पाहिलं. इतकी वर्षं हे डोळ्यांसमोर घडत होतं!

दुकानात तर ती खिळे उपटता उपटताच बोलते, हे आठवून दुसऱ्या दिवशी सोफेवाल्याने तिची पक्कड मुद्दाम फळीवर चढवून ठेवली. पोरगी आली, बसली, नखं खात राहिली. दुकानात अशी शांतता त्याने कधी ऐकली नव्हती. थोड्या वेळाने तिने कात्री ओढली, चिंध्या कातरायला घेतल्या, आणि लगेच, "बाबा, मुंग्यांना वळण आलेलं कळतं का हो?"

सोफेवाल्याला टाळी वाजवावीशी वाटली. त्याने गल्लीत जाऊन बाईंना फोन लावला. "बाई, हात रिकामे असले की ती गप्प!"

"अहो, थांबा," बाईंचा आवाजही चढला. "मधल्या सुट्टीत ती मैत्रिणींच्या वेण्या घालून देते. मी खिडकीपाशी उभी होते. काय बोलत होती म्हणून सांगू! मला हे जवळून बघायचंय."

शनिवारी बाई शिक्षकांच्या खोलीतली एक फाटकी खुर्ची रिक्षात घालून दुकानी आल्या. त्यांना पाहताच रेडिओ ठप्प. सोफेवाल्याने बाईंच्या हातातही पक्कड दिली. "बसा. या बारक्या खिळ्यांना आमच्यात चुका म्हणतात. तेवढ्या काढा."

"म्हणजे तुमचं माझं काम एकच," बाई म्हणाल्या, आणि पोरगी खुदकन हसली.

दोघी शेजारी शेजारी बसल्या. नजर खुर्चीवर. पहिलाच खिळा बाईंच्या हातून उडून कुठल्या कुठे गेला. पोरीने पक्कड कशी धरायची ते दाखवलं. मग जुनं कापड निघालं, खालच्या स्प्रिंगा उघड्या पडल्या, आणि ती त्यांवर बोटं फिरवत स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "डावीकडची जास्त दबलीय. इथे बसणाऱ्यांना डावीकडे रेलायची सवय असणार. पण बाई, किती दाबलं की स्प्रिंग परत उठतच नाही?"

"तुला काय वाटतं?" बाईंनी विचारलं, तेही खुर्चीकडे बघतच.

त्यानंतर सोफेवाल्याला मध्ये बोलायला फट मिळाली नाही.

तोंडी परीक्षेला बाईंनी सगळ्याच मुलांसाठी टेबलावर सामान मांडलं: स्प्रिंगा, वजनं, एक जुनी विजेची घंटा. हाताळत उत्तर दिलं तरी चालेल, म्हणाल्या. पोरीने घंटा उघडली. पहिलं उत्तर इतकं हळू आलं की बाईंना पुढे वाकावं लागलं. तिसऱ्याला मात्र वाकावं लागलं नाही. एका प्रश्नावर अडली, तेव्हा "हे मला माहीत नाही, पण उघडून बघता येईल," असं सरळ सांगितलं. वर्गात उभी केली की मात्र ती आजही पुतळा होते. बाईंनी तिला तसं उभं करणं सोडून दिलंय.

त्यानंतरच्या पालकसभेत बाईंनी गुणांचे कागद बाजूलाच ठेवले. "आज तुम्ही मला सांगा," त्या म्हणाल्या, "तुमचं मूल घरी कधी खुलतं?"

खोलीत क्षणभर चुळबूळ झाली. सोफेवाल्याच्या शेजारी बसलेला बसचालक त्याच्या कानाशी लागला. "आमचा पोरगा भांडी घासताना पाढे गातो. चांगला चालीवर. पण हे काय शाळेत सांगण्यासारखं आहे?"

"अहो, सांगा की," सोफेवाला म्हणाला, आणि ऐकायला त्याच्याकडे वळून बसला.