पंखवाल्या देवाचा कौल

माझ्या नवऱ्याला कुणालाही नाही म्हणता येत नाही. गोडाऊनवाल्याला नाही, आईला नाही, आणि खेळात देव होऊन बोलतो तेव्हा तर मुळीच नाही. लग्नाआधी मला याच गुणाचं भारी कौतुक होतं.

आमचं घर काल्हेरला, रस्त्याला लागून. खाली गोडाऊन भाड्यानं दिलेलं, वर आम्ही. रविवारी दुपारी आमच्या हॉलमध्ये खेळ मांडला जायचा. कागदावर नकाशा, फासे, आणि प्रत्येकाचं एकेक पात्र. मी चोर, माझी मैत्रीण संघरत्ना योद्धा, आणि भावेश, माझा नवरा, गोष्ट चालवणारा. राक्षस, राजे, वाटेतले भिकारी, सगळ्यांच्या तोंडून तोच बोलायचा. त्यानं एक देवही रचला होता, तेजपंख नावाचा सोनेरी ड्रॅगन. हा कुणाला जाळत नाही, कुणावर कोपत नाही, अडकलेल्याला पंखाखाली घेतो. दर खेळात त्याला एक प्रश्न विचारायची मुभा असे. भावेश पुठ्ठ्याच्या आडोशामागे वीस बाजूंचा फासा टाकायचा. आकडा मोठा आला तर देव हो म्हणणार, लहान आला तर नाही. हा झाला नियम. प्रत्यक्षात तेजपंख कायम हो म्हणायचा, कारण फासा काहीही पडो, भावेशला आमचे पडलेले चेहरे बघवत नसत.

माझ्या सासूबाई, हौसाबाई, दाराशी भाजी निवडत ऐकत बसायच्या. सुरुवातीला हसायच्या. मग एकदा बघते तर खेळातली तेजपंखाची बोटभर प्लास्टिकची मूर्ती त्यांनी देव्हाऱ्यात ठेवलेली, कुंकू लावून. त्यांच्या माहेरी, दिघाशीला, देवाला कौल लावायची रीत. मूर्तीला पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा, उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. पुठ्ठ्यामागचा फासा त्यांना त्यातलाच वाटला. भावेश म्हणाला, राहू दे गं, आईला बरं वाटतं. मीही हसून सोडून दिलं.

मग गोडाऊनमध्ये माल उचलणारी एक फोर्कलिफ्ट मागे येताना मधल्या पिलरला धडकली. आम्हाला कुणी सांगितलंसुद्धा नाही. बाथरूमचं दार चौकटीत अडकायला लागलं, तेव्हा मला वाटलं लाकूड फुगलं असेल. पण रविवारी, आम्ही खेळायला बसत असताना, हॉलच्या मधली लादी फट् करून आपोआप तडकली. तिच्या आसपास कुणी नव्हतं. संघरत्ना सिव्हिल इंजिनियर आहे. ती उठली, खाली जाऊन पिलर बघून आली, आणि परत आल्यावर आत आलीच नाही. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, सामान राहू दे, माणसं आत्ता बाहेर काढा. ती लगेच गोडाऊनमधल्या लोडरांना हुसकायला पळाली.

सासूबाई मात्र हलेनात. हे घर सासऱ्यांनी, केसरीनाथांनी, उभं केलेलं. ते गेले त्याला फार दिवस झाले नव्हते. प्रत्येक पिलरला, प्रत्येक स्लॅबला सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं होतं ते सासूबाईंनी. मी पाणी मारलेला पिलर असा कसा पडेल, असं त्यांचं म्हणणं. आम्ही विनवण्या करत होतो आणि त्या सरळ पुठ्ठ्याच्या आडोशासमोर मांडी घालून बसल्या. हात जोडले.

"पंखवाल्या देवा, माझं घर उभं राहील ना?"

मी भावेशच्या शेजारीच होते. त्यानं फासा टाकला. तीन. मला स्वच्छ दिसला. माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही, तरी तो तीन बघून माझ्या अंगावर काटा आला. भावेशनं आईकडे पाहिलं, आणि देवाचा तो खर्जातला आवाज काढून म्हणाला, घर उभं राहील, मी पंख धरलाय.

मला त्याच्या एक थोबाडीत द्यावीशी वाटली. तो माझ्या कानात पुटपुटला की आधी ती शांत होऊ दे, मग समजावतो. एवढ्यात दुसरी लादी फुटली. आई, हा खेळ आहे, मीच बोललो, देवबिव कुणी नाही, असं सगळं त्यानं भडाभडा सांगून टाकलं. पण सासूबाईंनी आयुष्यभर अंगात आलेली माणसं पाहिलेली.

"अंगात आल्यावर भगताला काय ठावं, तो काय बोलला?" त्या म्हणाल्या. "देव बोलला. मी ऐकला."

मी म्हटलं, फासा तीन पडलाय, मी पाहिलाय. देवाचं झाकलेलं बघू नये, असं म्हणून त्यांनी माझं तोंड बंद केलं. परत टाकू म्हटलं, तर म्हणे एका गोष्टीला कौल दोनदा लावत नाहीत. भावेशनं त्यांना उचलायला कंबरेत हात घातला. त्यांनी खिडकीचे गज असे काही धरले की ओढाओढीत दोघंही धाडकन खाली बसले. त्या दणक्यानं वरून प्लास्टरचा पोपडा सुटला आणि आमच्या डोक्यांवर पांढरी माती पडली. शेवटचा उपाय म्हणून त्यानं पुन्हा देवाचा आवाज काढला, खाली उतर म्हणाला. आवाज मध्येच चिरकला. सासूबाईंनी त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. म्हणाल्या, ही माझ्या पोराची जीभ हाय.

खालून कर्र असा आवाज आला, लांबलचक. तळपायांना तो आधी कळला, कानांना नंतर. जिना समोर उघडा होता. आपण एकटीनं पळावं, असं मला वाटलं. खोटं कशाला बोलू, पाय वळलेही होते. पण भावेश आईला सोडून निघाला नसता, आणि त्याला तिथं ठेवून मला जाता येईना.

मी देव्हाऱ्यातून तेजपंखाला उचललं आणि सासूबाईंसमोर जाऊन बसले. देवाला संतापवायचं, डरकाळी फोडायची, असं मनात होतं. भ्यायला लावलं की माणूस उठतं. पण तोंड उघडलं तर डरकाळी येईचना. मूर्ती हातात थरथरत होती.

"हौसा," मी म्हटलं, "मला भीती वाटते. माझे पंख एवढेसे आहेत आणि छत केवढं मोठं आहे. माझ्याच्यानं नाही धरवत. मला खाली ने."

सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग गज सोडले. मूर्ती माझ्या हातातून घेतली, पदराच्या टोकात बांधली, आणि एका हातानं माझा दंड धरून उठल्या. चल म्हणाल्या. भावेशला म्हणाल्या, तू पुढं हो, जिन्याच्या पायऱ्या बघ.

आम्ही उतरलो. भिंतीला हात लावायचीसुद्धा भीती वाटत होती. रस्ता ओलांडून चहाच्या टपरीशी पोचलो, तिथं लोडर घोळक्यानं उभे होते. संघरत्ना ओरडून सांगत होती की आत कुणी राहिलं नाही. भावेश रस्त्याच्या मध्ये उभा राहून गाड्या थांबवत होता.

सासूबाईंनी माझा दंड सोडला नव्हता.

"देवाला कुठलं भेव गो," त्या हळूच म्हणाल्या. "तुझे हात कापत होते."

मी विचारलं, तुम्हाला कळलं होतं तर उतरलात कशाला?

"तू मना सोडून जात नव्हतीस ना. मग तुना खाली कोण आणील?"

मग समोरून पुन्हा तो आवाज आला, या वेळी थांबलाच नाही. लोडर मागे पळाले. मी वळून बघणार, तोच सासूबाईंनी माझं डोकं ओढून छातीशी घट्ट दाबलं आणि वर पदर घेतला. घर पडताना मी पाहिलं नाही. त्यांनी पाहिलं.