खालची लाल पट्टी

"आता झाली का लाल?" राजानंदने विचारलं.

"होऊन गेली, पप्पा," पायल म्हणाली. "परत हिरवी पण झाली."

"कधी?"

"आत्ताच. दहा सेकंद होती."

"मंग हा पण बाद. याच्या खालच्या कडेला उजेड कमी पडून राह्यला."

मस्तगड भागातल्या त्यांच्या घराच्या गच्चीवर मार्चचं ऊन होतं. राजानंद प्लास्टिकच्या खुर्चीवर पाय लांब करून, मागे रेलून बसला होता. ग्लायडरमध्ये असंच बसतात, असं पायलने सांगितलं होतं. त्याच्या गुडघ्यांच्या वर, हाताच्या अंतरावर, पाइपच्या तुकड्याला टॅब्लेट बांधलेला होता. नजर मात्र समोरच्या घरावरच्या काळ्या पाण्याच्या टाकीवर होती. गच्चीच्या दुसऱ्या टोकाला पायलची आई, उषाबाई, धोतरावर वाळत घातलेल्या कुरडया उलटत होत्या.

पायल बंगळुरूला नोकरी करायची आणि दर शनिवारी दोन तासांचा प्रवास करून एका क्लबात ग्लायडर उडवायला जायची. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. दुसरं विमान त्याला दोरीने वर ओढून नेतं आणि सोडून देतं. पुढे जमिनीवरून उठणाऱ्या गरम हवेवर तरंगत राहायचं. ती हवा सापडली नाही तर हळूहळू खाली यायचं. आतापर्यंत ती धावपट्टीच्या आसपासच घिरट्या घालत होती. येत्या पंधरवड्यात मात्र एकटीने साठ किलोमीटर जाऊन परत यायचं होतं. त्यासाठी नकाशा दाखवणारा टॅब्लेट ज्याचा त्याने आणायचा, असा क्लबचा नियम होता.

"स्क्रीन तुम्ही निवडा, पप्पा," ती घरी आली त्याच दिवशी म्हणाली होती. "मला त्यातलं कळत नाही."

राजानंद एकतीस वर्षं दुरुस्तीचं दुकान चालवत होता. आधी रेडिओ, मग टीव्ही, आता मोबाइल. पायलने कॉलेज, नोकरी, विमान सगळं स्वतः ठरवलं होतं आणि ठरल्यावर घरी कळवलं होतं. ठरवायच्या आधी तिने विचारलेली ही पहिलीच गोष्ट होती. जुने मोबाइल विकणाऱ्या ओळखीच्या अंगदकडून त्याने वापरलेले टॅब्लेट एकेक करून मागवायला सुरुवात केली. सिमशिवाय जागा दाखवतो का, घामाच्या बोटाला दाद देतो का, तीन तास टिकतो का, हे सगळं त्याने तपासलं. मग पायलने एक गोष्ट सांगितली आणि तपासणीची तऱ्हाच बदलली.

"वर असताना स्क्रीनकडे बघत बसायचं नसतं. नजर बाहेर ठेवायची. दुसरी विमानं, ढग, जमीन. स्क्रीन नुसती नजरेच्या खालच्या बाजूला जाणवायला पाहिजे."

स्क्रीनच्या तळाशी एक जाड पट्टी होती. हातातल्या उंचीत धावपट्टीपर्यंत परत पोहोचता येत असेल तर ती हिरवी राहायची. येत नसेल तर लाल व्हायची.

"लाल झाल्यावर टाइम किती राहतो?" राजानंदने विचारलं होतं.

"कधी दोन-तीन मिनिटं. उशिरा लक्षात आलं तर तेवढाही नाही. मग खाली दिसेल त्या शेतात उतरायचं."

हे ऐकून उषाबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या होत्या आणि परत आत गेल्या होत्या.

तेव्हापासून ही परीक्षा चालू होती. ॲपमध्ये सरावासाठी खोटं उड्डाण होतं, त्यात पट्टी केव्हाही लाल व्हायची. राजानंदने टाकीकडे बघत राहायचं आणि लाल जाणवली की सांगायचं. बुधवारी सात इंचाचा टॅब्लेट नापास झाला. तो त्याने अंगदला लगेच परत दिला. गुरुवारी हा दहा इंचाचा.

तासाभराने अंगद तिसरा घेऊन गच्चीवर आला.

"राजाभाऊ, पोरीसाठी स्थळ पण इतके पाहणार न्हाई तुम्ही," तो धापा टाकत म्हणाला. "जो आणावा त्यात खोट."

"स्थळ नका आणू काका, टॅब्लेटच आणा," पायल म्हणाली.

"याच्यानंतर माझ्याकडं दोन्ही न्हाई बाई. बिलकुल शेवटचा आहे हा."

तिसराही नापास झाला. पट्टी लाल होऊन गेली आणि राजानंदला पत्ता लागला नाही. सरळ बघितलं की तिन्ही स्क्रीन ठणठणीत दिसत, नजर टाकीवर नेली की तळाची कड नाहीशी व्हायची. अंगद गेल्यावर तो दोन्ही टॅब्लेट घेऊन खाली दुकानात आला. त्याने ते उघडले, आतल्या वायरच्या पट्ट्या आणि जोड तपासले. कुठे काही नव्हतं. चहाचा कप तसाच ठेवून तो बसून राहिला.

दुकानात त्याची एक रीत होती. तीन वेगवेगळ्या मोबाइलची एकच तक्रार आली तर मोबाइल उघडायचा नाही. आधी तिन्हींत सारखं काय आहे ते बघायचं. चार्जर, बोर्ड, घरातली वीज. तो परत वर गेला. खुर्ची पूर्वेला फिरवली, स्टँड बदलला, डोक्यावर चादर धरून सावली केली. ॲप काढून पुन्हा टाकायला लावलं. पायलने सगळं केलं. खोटं उड्डाण सुरू झालं आणि तो टाकीकडे बघत बसला.

"लाल झालं की," उषाबाई म्हणाल्या.

त्या चार हात लांब, कुरडयांवर वाकलेल्या होत्या. त्यांनी मान वर केली नव्हती.

"तू इकडं बघत होती," राजानंद म्हणाला.

"मी कशाला बघू? माझ्या ह्या मोडून राह्यल्या. एवढं लालभडक झाल्यावर दिसतंच की माणसाला."

पायलने त्याच्याकडे बघितलं. तो उठला आणि पाणी पिऊन येतो म्हणून जिन्याकडे गेला.

जिन्याच्या शेवटच्या पायरीवर तो हल्ली पाय चाचपून टाकत असे. तिथला बल्ब बारीक आहे, असं तो सांगायचा. टेबलाच्या अलीकडच्या बाजूला ठेवलेले स्क्रू सापडत नव्हते, म्हणून दिवाळीत त्याने चुंबकाची चटई आणली होती. मागच्या महिन्यात दुकानापुढे बसलेल्या कुत्र्याच्या अंगावर पाय पडला. तेव्हा तो कुत्र्यालाच बोलला होता.

त्याने दुकानात जाऊन अंगदला फोन लावला.

"जय भीम. तो सात इंची, कालचा. तो आण वापस."

"तो कुठला? तो जाफराबादच्या एका बियाणेवाल्यानं नेला काल."

"मिळन का परत?"

"कसा मिळन? त्यानं घरी नेऊन देऊन पण टाकला असंन लेकराला. आणि खराब होता म्हणले ना तुम्ही?"

राजानंदने फोन खाली ठेवला. मग उचलून बंद केला.

संध्याकाळी जेवताना पायलने विचारलं, "मग दोनातला कोणता, पप्पा? रविवारी मला निघायचंय." तो सकाळी सांगतो म्हणाला. दोनपैकी एकाचं नाव घेतलं असतं तर ती काही न विचारता घेऊन गेली असती. त्याने ताटातली भाकरी संपवली आणि नेहमीपेक्षा लवकर अंथरुणावर पडला.

शुक्रवारी ती गच्चीवर स्टँड लावत असताना तो वर आला. खुर्चीत बसला नाही.

"माझ्या भरवशावर जाऊ नको," तो म्हणाला. "मला खालचं दिसून न्हाई राह्यलं. स्क्रीन बराबर आहेत. पहिला तर सगळ्यात चांगला असंन. तो मी घालवला."

पायल थोडा वेळ स्टँडचा स्क्रू फिरवत राहिली.

"बसा," ती म्हणाली. ती त्याच्यासमोर दोन फुटांवर गुडघे टेकून बसली. "क्लबच्या तपासणीत डॉक्टर असं करतात. माझ्या नाकाकडे बघा. नजर हलवायची नाही. बोट हललं की सांगा."

"हललं. उजवीकडं."

"आता?"

"डावीकडं. हे वर. हे पण वर."

तो तिच्या नाकाकडे बघत राहिला. नाकाच्या शेंड्यावर घाम आला होता.

"हलव ना," तो म्हणाला.

"हलवतेय, पप्पा."

त्याने खाली बघितलं. तिचे दोन्ही हात तिच्या पोटाशी होते आणि दहाही बोटं हलत होती.

उषाबाई जिन्याच्या दारात उभ्या होत्या. त्या पुढे आल्या, पदर कमरेला खोचला आणि नवऱ्याला म्हणाल्या, "उठा. मी बसते तिथं."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"लाल कळतं की."

त्या खुर्चीत मागे रेलून बसल्या. आयुष्यात कुठल्याही खुर्चीत त्या अशा बसल्या नव्हत्या. त्यांनी टाकीवर नजर लावली. पायलने दहा इंची टॅब्लेट लावला. "लाल," उषाबाई म्हणाल्या. "हं. परत लाल." दहापैकी दहा वेळा. पण चाळीस मिनिटांनी टॅब्लेट तापला आणि स्क्रीन आपोआप काळी झाली. ग्लायडरच्या काचेखाली याहून जास्त तापणार होतं. मग तिसरा लावला. त्याचा उजेड मंद होता. उषाबाईंनी दहापैकी सात वेळा सांगितलं. तो दोन तास उन्हात चालू राहिला.

राजानंद कठड्याला टेकून, त्यांच्याकडे पाठ करून उभा होता.

"हा मंद आहे," पायल म्हणाली, "पण बंद पडत नाही. हा नेते."

"सातच वेळा दिसला मला," उषाबाई म्हणाल्या. "तीन वेळा न्हाई दिसला."

"मी अधूनमधून खाली बघेन, आई."

"बघायचं नसतं म्हणली होती ना तू?"

राजानंद वळला आणि स्क्रीनला उन्हाची टोपी करून देतो म्हणाला. जुन्या एक्स-रेच्या फिल्मची, काळी, तीन बाजूंनी. ती त्याने त्याच दिवशी दुकानात बसून केली. कापताना तो फिल्म डोळ्यांसमोर उचलून धरत होता. पायल मदत करू का म्हणाली तेव्हा तो नको म्हणाला.

शनिवारी ते तिघं डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर तरुण होते. त्यांनी डोळ्यांतला दाब मोजला, थेंब टाकून आत बघितलं आणि काचबिंदू आहे म्हणाले. बऱ्याच वर्षांपासून असावा. दुखत नाही, त्यामुळे कळत नाही.

"ऑपरेशननं साफ होईल ना?" राजानंदने विचारलं.

"मोतीबिंदू होतो साफ. याच्यात गेलेली नजर परत येत नाही, काका. राहिलेली सांभाळायची. रोज थेंब टाकायचे. किती राहिलीय ते यंत्रावर बघू, मग गाडी चालवायची का, दुकानाचं काम किती दिवस जमेल, ते बोलू."

बाहेर बाकावर नंबर यायची वाट बघताना पायल म्हणाली, "मी उद्याचं तिकीट रद्द करते. ते उड्डाण पुढच्या वर्षी करता येईल."

"तू थांबली तर दिसाया लागन का मला?"

"तसं नाही, पप्पा."

"मंग जा. आणि अंगदला काही सांगू नको. तो चार जणांत बोलतो."

उषाबाई मांडीवरची पिशवी नीट करत होत्या. त्या म्हणाल्या, "तुमच्यापेक्षा माझेच डोळे बरे निघाले. शाळा न्हाई पाहिली तरी." तो किंचित हसला. त्यांनी तोंड दुसरीकडे वळवलं.

यंत्राची खोली अंधारी होती. राजानंदला स्टुलावर बसवून एका डोळ्यावर पट्टी लावली, हनुवटी टेकवायला सांगितली आणि हातात वायरचं बटण दिलं. समोर मोठी पांढरी अर्धगोल वाटी होती, मध्ये पिवळा ठिपका.

"ठिपक्यावरून नजर हलवायची नाही," मदतनीस बाई म्हणाली. "आजूबाजूला कुठंही बारीक उजेड चमकला की बटण दाबायचं. काही वेळा खूप मंद असतो. दिसला तरच दाबायचं."

पायल मागे भिंतीशी उभी राहिली.

वर डाव्या बाजूला उजेड चमकला. त्याने दाबलं. उजवीकडे चमकला, दाबलं. चार-पाच उजेड झाल्यावर त्याच्या कानाला आतला आवाज लागला. दर उजेडाआधी यंत्रात बारीक टिक व्हायची. आत आरसा फिरवणारी लहान मोटर असावी. टिक, उजेड. टिक, उजेड. एका ठरावीक लयीत.

मग टिक झाली आणि उजेड आला नाही.

पुन्हा टिक. पिवळा ठिपका तसाच. खाली सगळीकडे सारखाच पांढरा रंग होता, कुठे काही कमी आहे असं वाटतही नव्हतं. टिक. टिक.

"काका, झोप लागली का?" मदतनीस म्हणाली.

"न्हाई. जागा आहे."

"दिसला की दाबा हं."

मागे पायलचा श्वास त्याला ऐकू आला. तिलाही ती टिक ऐकू येत असणार. लय त्याच्या हातात बसली होती. डोळे मिटूनसुद्धा त्याने प्रत्येक वेळी बरोबर दाबलं असतं.

टिक.

अंगठा आपणहून हलला. राजानंदने तो बटणावरून उचलला आणि मुठीत धरून ठेवला.