पात्यावरचं झाकण

मावशी आली, धाकट्याच्या पट्टीत गुंडाळलेल्या हाताकडे बघून हळहळली आणि सगळे म्हणत होते तेच म्हणाली, "अंगठा राहिला, ही देवाचीच कृपा हो."

"आणि चार बोटं गेली ती कुणाची कृपा?" थोरल्या बहिणीने विचारलं.

"तुझी जीभ म्हणजे ना," असं म्हणून मावशीने चहाच्या कपात तोंड घातलं.

बोटं कशाने गेली ते शेंबडं पोरही सांगेल. बाबांच्या फर्निचरच्या कारखान्यात करवतीचं मशीन होतं आणि त्याच्या पात्यावर झाकण होतं. बारीक तुकडे कापताना ते आडवं येतं म्हणून बाबांनी ते केव्हाच काढून फडताळावर टाकलं होतं. त्याऐवजी त्यांचा नियम असा, की मशीन सुरू करण्याआधी सगळ्यांनी डोळे मिटून हात जोडायचे. धाकट्यानेही त्या दिवशी जोडले होते, दहाही बोटं जुळवून. थोरली पलीकडे पॉलिश करत होती, तिने पाहिलं होतं.

उद्यापासून त्याच्या जागी तिलाच उभं राहायचं होतं. आधी झाकण बसवा, एवढंच तिचं म्हणणं. बाबांचं उत्तर ठरलेलं, "होणारं चुकत नाही. देवावर भरवसा ठेव." बरं झालं तर देवाने केलं, वाईट झालं तर देवाच्या मनात होतं. छापा पडो की काटा, जिंकणार तोच. पालथ्या घड्यावर पाणी ओतून ओतून ती थकली आणि स्वयंपाकघरात गेली.

"आई, तू तरी खरं सांग. हे देवाने केलं?"

आई भांडी विसळत होती. "नाही," ती म्हणाली.

थोरली बघतच राहिली. "मग सगळ्यांसमोर मान का डोलावतेस?"

"देवाचं नाव घेतलं नाही, तर तुझ्या बाबांचं घ्यावं लागेल. मग त्याच माणसाला रोज जेवायला कशी वाढू?"

थोरलीला राग आला. आईचा, बाबांचा, आणि वर कुणी असलाच तर सगळ्यांच्या चुका निमूट पोटात घालणाऱ्या त्याचाही. लहानपणी तिचाही विश्वास होता. तो कुठल्या पुस्तकाने घालवला नाही, या घराने घालवला.

सकाळी कारखान्यात बाबांनी हात जोडले. डोळे उघडले तेव्हा थोरलीचा उजवा पंजा पात्याला अगदी टेकलेला होता.

"करा सुरू," ती म्हणाली.

"वेड लागलंय का? हात काढ."

"भरवसा आहे ना? दाबा बटण."

कामगार खाली माना घालून उभे होते. बाबांचा हात बटणापर्यंत गेलाच नाही. ते फडताळाकडे गेले, झाकण काढलं, त्यावरचा भुसा पुसला आणि वाकून एकेक स्क्रू आवळू लागले. थोरलीला वाटलं, आता बोलतील. चुकलं माझं, एवढंच. तिला नको, धाकट्याला तरी.

दुपारी एक जुनं गिऱ्हाईक आलं. "अरे वा, झाकण बसवलंत? बरं केलंत."

"हो ना," बाबा म्हणाले. "देवानेच बुद्धी दिली."

थोरलीने मशीन सुरू केलं. त्याच्या घरघरीत तिने येत होत्या तेवढ्या शिव्या मोठ्याने देऊन टाकल्या, आणि त्या कुणालाच ऐकू गेल्या नाहीत.