तपकिरी फांद्या

पसारा दिसला की उस्तादांचे हात शिवशिवायचे. उस्ताद म्हणजे कोपऱ्यावरचे सलूनवाले. हे नाव गिऱ्हाइकांनीच ठेवलेलं. बँकेच्या रांगेत पुढच्या माणसाच्या मानेवर चार चुकार केस दिसले, तरी हा गृहस्थ बेचैन. खिशात कात्री नसायची म्हणून लोक वाचायचे.

बायकोचं वेड निराळं. तिचं अर्धं आयुष्य आईस्क्रीमच्या दुकानात लालभडक रासबेरी सिरप ओतण्यात गेलं, पण खरी रासबेरी तिने जन्मात चाखली नव्हती. नोकरी सुटल्यावर तिने परसात, भिंतीच्या सावलीला, रासबेरीची रोपं लावली. थंड हवेचं झाड या उकाड्यात कसलं तग धरतंय, असं सगळे म्हणाले. ती ऐकेल तर ना! वर हिरवी जाळी बांधली, बुंध्याशी पालापाचोळा पसरला, हिवाळ्यात तर फ्रीजमधला बर्फ मुळांशी रचायला लागली.

"घरी आलेल्या पाहुण्याला कोमट पाणी आणि झाडाला बर्फ," उस्ताद कुरकुरायचे.

"पाहुणे फळं देतात का?" तिचं उत्तर तयार असायचं.

पहिल्या वर्षी नुसती पानं आली. दुसऱ्या वर्षी हंगाम तोंडावर आला आणि ती आजारी पडून दवाखान्यात गेली.

डॉक्टरांनी उस्तादांना एकट्यालाच बाहेर बोलावलं. आता करण्यासारखं काही उरलं नाही, घरी घेऊन जा, म्हणाले.

उस्तादांनी भिंतीला हात टेकला. "दोनेक महिने तरी?"

"तेवढे निघतील. वर्षाचं मात्र बोलू नका."

दोन महिने म्हणजे रासबेरी पिकेपर्यंत. वेड्या माणसाला तेवढाच आधार वाटला. बायकोला त्यांनी काही सांगितलं नाही. बरं वाटतंय म्हणूनच घरी सोडतायत, अशी तिची समजूत झाली, आणि ती त्यांनी होऊ दिली.

ती येणार त्याच्या आदल्या दिवशी उस्ताद ठेवणीतली कात्री घेऊन परसात उतरले. बघतात तर काय, सगळा गुंता! कोवळ्या हिरव्या फांद्यांमध्ये जुन्या तपकिरी, साल सुटलेल्या फांद्या घुसलेल्या. ही वाळकी खोडं झाडाचं रक्त पितायत, ती काढली की हिरव्यांना जोर येईल आणि लवकर फळ धरेल, असं त्यांच्या मनाने घेतलं. एकेक तपकिरी फांदी त्यांनी जमिनीलगत छाटली. हिरव्या फांद्या सुतळीने नीट ओळीत बांधल्या. मग चार पावलं मागे सरून, मान तिरकी करून, गिऱ्हाइकाकडे बघावं तसं झाडांकडे बघितलं. कितीतरी दिवसांनी त्यांना बरं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती आली ती थेट परसातच. त्यांचा दंड धरून तिने एकेक रोप वाकून बघितलं.

"तपकिरी फांद्या कुठायत?"

"काढल्या. वाळलेल्या होत्या."

"वाळलेल्या नव्हत्या हो. फळ त्यांनाच येतं. एक वर्ष फांदी नुसती वाढते, दुसऱ्या वर्षी तपकिरी होते, मग फळते. सांगितलं होतं ना तुम्हाला?"

सांगितलं होतं. पेपरातून डोकं वर न काढता त्यांनी "हं, हं" केलं होतं.

"मग या हिरव्या?"

"त्या पुढच्या वर्षी."

तिला खुर्चीत बसवून उस्ताद फाटकाकडे धावले. कचऱ्याच्या ढिगातून फांद्या उपसल्या, कवळाभर आणून पाण्याच्या बादलीत उभ्या केल्या. पेरापेरांवर, काल त्यांच्या नजरेतून सुटलेले, कळ्यांचे बारीक झुबके होते आणि ते सुकून काळे पडले होते. त्यांना स्वतःचे हात तोडून टाकावेसे वाटले.

ती मात्र हसायला लागली. खोकला येईपर्यंत हसली.

"अहो, बादलीत ठेवून कुठे फळं लागतात? आणि तोंड केवढंसं करून बसलात! एका वर्षाचा तर प्रश्न आहे. पुढच्या वर्षी मी इथे राखणीलाच बसते. तुमची कात्री कपाटात घालीन आणि कुलूप लावीन."

उस्तादांना हमसून रडावंसं वाटलं. पण रडले असते तर तिला सगळं कळलं असतं. ते वाकले आणि बादलीतल्या फांद्या उगाच सारख्या करत राहिले.

"लाव," ते म्हणाले. "किल्लीही तुझ्याकडेच ठेव."