नळासाठी वाचणारी वस्ती

सोलापूरचं ऊन बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. रेल्वेच्या रुळांपलीकडं आमची माळवस्ती होती, तिथं औषधालासुद्धा झाड नव्हतं. सावली काय ती गिरणीच्या चिमणीची. सकाळी ती ज्ञानबाच्या दारात पडायची, दुपारनंतर सुंदरम्माच्या, आणि अख्खी वस्ती खाटा-बाजा डोक्यावर घेऊन तिच्या मागं फिरायची.

पाणी माळाखालच्या बारवेला. बारव एवढी खोल, की तरणी सून घागर घेऊन उतरली तर वर येईतो तिचे केस पिकायचे. हे मी जरा वाढवून सांगतोय. पायऱ्या बुळबुळीत होत्या, हे मात्र वाढवलेलं नाही. नळ यायच्या आदल्या साली केराबाई धनगरणीची सून शिवबाई भरल्या घागरीसकट तिथं घसरली आणि पोटातलं पोर गेलं.

अशा वस्तीला तीस-एकतीस सालात काय मिळावं, तर मोफत वाचनालय. कुणा शेठनं अडाणी वस्त्यांसाठी धर्मादाय निधी ठेवला होता. त्यातून पत्र्याची खोली उभी राहिली. आत पुस्तकांचं कपाट, एक वर्तमानपत्र, ‘शांतता राखा’ अशी पाटी, आणि चालक म्हणून गिरणीत कारकुनी करून थकलेले शंकरप्पा. वाचकांना प्यायला पाणी असावं असा निधीचा नियम होता, म्हणून शहरातनं पाइप आणून दाराशी नळ बसवला. आम्ही नारळ फोडला तो नळापुढं. पुस्तकांपुढं कोण फोडतो?

शिवबाईला पुन्हा दिवस गेले होते. केराबाईनं तिला बारवेकडं बघूसुद्धा दिलं नाही. स्वतःच नळाखाली घागर लावायची, भरली की उंबऱ्यात आणून ठेवायची. वस्ती सुखात होती. वाचनालय मात्र ओस. नेमानं येणारा वाचक एकच, बिरप्पाची शेळी. ती मात्र हाती घेतलेला अंक संपवल्याशिवाय उठायची नाही.

एके दिवशी शंकरप्पा नळावर आले. पडेल आवाजात म्हणाले, “बायांनो, सोमवारी निधीचे रावसाहेब तपासणीला येतायत. वाचक दिसले नाहीत तर खोलीला कुलूप लागणार.”

“लागू दे की,” ज्ञानबा म्हणाला. “आमचं काय अडलंय?”

“नळ खोलीच्या नावावर आहे. तो पण जाणार.”

केराबाईनं भरत आलेली घागर तशीच सोडली. “मास्तर, वाचक म्हंजे कसा दिसतो?”

“खाली मान घालून बसलेला दिसतो.”

“मग काय अवघड हाय? जलमभर आमी दुसरं काय केलंय?”

त्याच दुपारपासून वस्तीची शाळा भरली. शंकरप्पांनी शिकवलं, की चित्रातला माणूस पायांवर उभा दिसला तर कागद सुलटा. चित्र नसलेल्या पुस्तकांचं काय, तर केराबाईनं प्रत्येकाच्या वरच्या कोपऱ्याला हळदीचं बोट लावलं. हळद वर, अंगठा खाली. पान कधी उलटायचं, तर शंकरप्पा खोकले की. पण शंकरप्पांना दमा होता. पहिल्याच तालमीत बिरप्पानं शिवाजीमहाराजांच्या जन्मापासून राज्याभिषेकापर्यंत मजल मारली.

सोमवारी रावसाहेब टांग्यातून उतरले आणि दारातच थबकले. आत उभं राहायला जागा नव्हती. बिरप्पा एका पानाकडं असा टक लावून बसला होता, की माझ्या डोळ्यांदेखत त्यावरची शाई फिकी पडली. सुंदरम्मा हातमागावरनं उठून घरात मिरच्या कुटून आली होती. तिनं डोळ्याला हात लावला आणि धारा लागल्या. रावसाहेबांनी वाकून तिच्या पुस्तकाचं नाव पाहिलं. ‘उसाची खते’.

“खताचं पुस्तक वाचून रडणारा वाचक मी पुण्यातसुद्धा पाहिला नाही,” ते हळूच म्हणाले. मग कोपऱ्यातली हळद त्यांना दिसली. “आणि हे?”

“सरस्वतीची पूजा करून मगच उघडतात,” शंकरप्पा म्हणाले.

रावसाहेबांनी त्या हळदीला हात लावून नमस्कार केला. त्यांनी ज्ञानबाला विचारलं, “पेपरात काय म्हणतात?”

ज्ञानबा जराही डगमगला नाही. “म्हणत्यात लई सायेब. त्यातलं खरं किती, ते तुमीच सांगा.”

“वा,” रावसाहेब म्हणाले. “चिकित्सकसुद्धा आहेत.”

केराबाईनं शिवबाईकडं पाहिलं. शिवबाई मांडीवर पुस्तक घेऊन भिंतीला टेकली होती, आठवा महिना होता. सासू-सुना दोघी गालात हसल्या. त्या घरातलं मी पाहिलेलं ते शेवटचं हसू.

रावसाहेब मधोमध उभे राहिले. म्हणाले, “हा निधी अडाणी वस्त्यांसाठी आहे. इथलं काम झालं. एवढ्या लवकर, एवढं पुरतं झालेलं मी कुठं पाहिलं नाही. आता ही पुस्तकं इथं ठेवणं म्हणजे दुसऱ्यांवर अन्याय. मोहोळकडं एक वस्ती आहे, तिथं एकाला अक्षर येत नाही. सगळं सामान तिकडं हलवू.”

“अन् नळ?” केराबाईनं विचारलं.

“नळही सामानातच आला.”

केराबाई उठली. “सायेब, खोटं हाय समदं. हितं कुणाला वाचाय येत न्हाय. नळापायी बसलो हुतो.”

रावसाहेब कौतुकानं हसले. “बाई, वाचनालय जाऊ नये म्हणून तुम्ही हेही बोलाल. मला आनंदच आहे.”

“देवाशपथ येत न्हाय. ह्ये बगा, कुटलंबी पान द्या, मी वाचणार न्हाय.”

“येतं हे दाखवता येतं. येत नाही, हे कसं दाखवणार?”

केराबाईनं शंकरप्पांकडं पाहिलं. त्यांच्या कामाचं आयुष्यात पहिल्यांदा कौतुक झालं होतं आणि मोहोळची जागाही त्यांनाच मिळणार होती. ते कपाटातली पुस्तकं सारखी करू लागले.

“मास्तर, तुमी तरी सांगा की.”

शंकरप्पांना खोकला आला. सगळ्या वस्तीनं पान उलटलं.

आठवड्याच्या आत माणसं आली. कपाट गेलं, पाटी गेली, नळ पिळून काढला आणि पाइपाच्या तोंडात लाकडाची खुंटी ठोकली. ज्ञानबानं ती उपसून पाहिली. पाणी पाठीमागनंच बंद केलं होतं.

केराबाईनं चार दिवस एकटीनं बारवेचं पाणी ओढलं. पाचव्या दिवशी तिचे गुडघे धरले. वर घागर घेऊन चढणं तिला जमेना. आमच्या बायांनी एकेक घागर दिली, पण ज्याच्या त्याच्या घरी तहानलेली तोंडं होती. शेवटी शिवबाईनंच घागर उचलली. केराबाई काठी टेकत तिच्यासोबत गेली. बारवेत आधी ती उतरली, तोंड सुनेकडं करून, उलट्या पावलांनी.

“बिगीबिगी उतरू नगंस. पडलीस तर माज्या अंगावर पड.”

“अन् तुमी पडला तर, आत्याबाई?”

केराबाईनं मागच्या मागं पायानं पुढची पायरी चाचपली.