पडद्याच्या कापडाची गाठ

पडदे शिवणाऱ्या वहिनीला सासरी सगळे ‘घाबरट’ म्हणत. दुकानामागेच कालवा, पण ती त्याच्या पायऱ्यांवर कधी फिरकायची नाही. ती नऊ वर्षांची असताना बुडत्या शेजाऱ्यासाठी तिच्या वडिलांनी पाण्यात उडी घेतली होती. शेजाऱ्याने त्यांच्या मानेला मिठी मारली, ती सुटलीच नाही. दोघेही गेले. हे ठाऊक असूनही तिचा नवरा थट्टेत सामील व्हायचा, हे मात्र तिला लागायचं.

त्या दुपारी धाकटा दीर बादली भरायला वाकला आणि पाय घसरून थेट आत. पोहण्याच्या नावाने शून्य. नुसता हातपाय झाडत ओढीबरोबर काठापासून लांब जाऊ लागला. नवऱ्याने चपला भिरकावल्या. तेवढ्यात वहिनीने मागून त्याची कॉलर धरली. तिने स्वतः दुहेरी शिवलेली, ती कशाला उसवते!

“सोड, भाऊ आहे माझा!”

“म्हणूनच थांबा. आत्ता तो कुणाला ओळखणार नाही, सरळ मानेवर चढेल. आधी तागा आणा.”

आवाजच असा होता की नवरा धावत जाऊन पडद्याच्या कापडाचा तागा घेऊन आला. तिने झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन उचलला, जाड कापडाच्या टोकाला बांधला आणि दुसरं टोक खांबाला गुंडाळलं.

“भाऊजी, कॅन धरा!”

पहिली फेक वाया गेली. तिने ओलं कापड भराभर ओढून घेतलं आणि यावेळी त्याच्या पलीकडे, वाहत्या पाण्याच्या वरच्या अंगाला फेकलं. कॅन वाहत त्याच्या छातीशी आला. त्याने तो कवटाळला.

“आडवे पडा,” ती नवऱ्याला म्हणाली, “उभं राहून ओढलंत तर तुम्हीच आत जाल.”

दोघांनी पोटावर पडून हात हात कापड ओढलं. दीर पायरीला लागला. बराच वेळ पाणी ओकल्यावर त्याने वर पाहिलं.

“दादा, बरं झालं तू आला नाहीस,” तो म्हणाला. “मला चढायला फक्त काहीतरी हवं होतं. तुलाच खाली दाबलं असतं.”

नवऱ्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. तो वहिनीच्या शेजारी बसला.

वहिनी हसत होती आणि रडतही होती. गिऱ्हाइकाचा सगळा तागा चिखलात गेला होता. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच ती कालव्याच्या पायरीवर बसली होती, आणि घरी परतायला दोन्ही भाऊ होते.