अवूसाठी एक अनोळखी माणूस

बडा फुहारा चौकात साडीचं दुकान चालवणाऱ्या नरहरच्या दोनच गोष्टी बाजारात प्रसिद्ध. एक त्याची झुपकेदार मिशी, दुसरी त्याची खोड्यांची खाज. गिऱ्हाइकाच्या नवऱ्यालाच पदर लावून आरशासमोर उभा करणारा माणूस! आजोबा झाला तरी सुधरला नाही. वर्षाची होत आलेली नात, अवंतिका, म्हणजे सगळ्यांची अवू, तर त्याच्या मिशीला लोंबकळतच मोठी होत होती.

पण दोन दिवसांपासून घरात हसणं बंद होतं. सून यशश्रीची बाळंतपणाची सुट्टी संपली होती आणि सोमवारी तिला बँकेत रुजू व्हायचं होतं. शुक्रवारी ती साहेबांना भेटायला म्हणून जाऊन आली. निघाली तेव्हा अवू शेजारच्या दीपादीदीच्या कडेवरून मस्त टाटा करत होती. डोळ्यांत टिपूस नाही.

"बाबा, तिला मी असले काय अन् नसले काय, सारखंच," यशश्री म्हणाली. "मी नोकरी सोडून राहिली. आधी लेकरू माझं तर होऊ द्या."

"अगं, पोरगी हसमुख आहे. माझ्यावर गेली."

"तेच तर! तुमच्याकडे जाते, आईंकडे जाते, गल्लीभर जाते. माझ्या वाट्याला काय आलं?"



रविवारी त्याची भाची मैथिली आली. ती कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. तिने सगळं ऐकून घेतलं.

"वहिनी, लेकरू आईला किती धरून आहे, हे आई जाताना नाही, परत येताना कळतं. त्याचा एक प्रयोगच आहे. खोलीत आई, लेकरू, खेळणी. एक अनोळखी माणूस येतो, आई जराशी बाहेर जाते, मग परत येते. आल्यावर लेकरू काय करतं, ते बघायचं. पण घरी केलं तर नुसता अंदाज हं, पास-नापास नाही."

"चलो, आत्ताच करू," यशश्री म्हणाली.

गाडी अडली ती अनोळखी माणसावर. विजय नगरच्या त्यांच्या गल्लीत अवूला अनोळखी असं कोणी उरलंच नव्हतं. सकाळी एका घरी पोह्याचा घास, दुपारी दुसऱ्या घरी झोप. दूधवाले भैया, कपडे नेणारे प्रेसवाले भैया, सगळ्यांनी तिला खांद्यावर फिरवलेलं.

"मी आणतो माणूस," म्हणत नरहरने चप्पल घातली.

"काय करून राहिले तुम्ही?" बायको वीणा मागून ओरडली. तो गेलाही होता.

तो थेट कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये जाऊन बसला आणि मिशीवर बोट ठेवलं. "पूरी उड़ा दो."

न्हाव्याचा वस्तरा हवेत थांबला. "भाभीजी से पूछ लिए, भैया?"

डाव सोपा होता. पोरगी आजोबाला वासावरूनच ओळखणार, मांडीवर चढणार, मैथिलीचं शास्त्र चीतपट होणार. सगळे पोट धरून हसतील आणि हसता हसता सून राजीनामा विसरेल. न्हाव्याची टोपी आणि काळा चष्मा उसना घेऊन नरहर घरात शिरला.

यशश्रीचं सगळं लक्ष लेकराकडे. "नमस्ते जी," असं ती सासऱ्यालाच म्हणाली आणि मैथिलीची खूण होताच बाहेर गेली. नरहरने पोटातलं हसू कसंबसं दाबलं. चष्मा काढून त्याने भुवया नाचवल्या.

अवूने वर बघितलं. खालचा ओठ हळूहळू बाहेर आला, आणि तिने जो टाहो फोडला!

"अगं अवू, मी आहे!" नरहर घाबरून बोलला. ओळखीचा आवाज भलत्याच तोंडातून निघाला म्हटल्यावर ती अजूनच किंचाळली आणि मागे सरकली. त्याच्यापासून.

"वहिनी, आत ये लवकर!" मैथिलीने हाक मारली.

यशश्री धावत आली. अवू ठोकळ्यांवरून धडपडत रांगली, आईचा कुर्ता धरून उभी राहिली, वर चढली आणि तिच्या मानेत नाक खुपसलं. नळ बंद करावा तसं रडणं थांबलं.

यशश्रीने तिला घट्ट धरलं. मग तिची नजर समोर गेली. "बाबा? तुम्ही? हे काय करून बसले?"

"श्श," मैथिली म्हणाली. "आता हिला बघ."

एका मुठीत आईची कॉलर पकडून अवूने मान बाहेर काढली. त्या विचित्र माणसाकडे बघितलं, परत मानेत लपली, परत बघितलं. मग हात पुढे केला.

"तू तिचा किल्ला आहेस, वहिनी. किल्ला पाठीशी असला की माणूस स्वारीवर निघतो. ही गल्लीभर फिरते ना, ती बहुतेक तुझ्याच जोरावर."

यशश्री लेकराच्या टाळूवर ओठ टेकवून नुसती झुलत राहिली.

अवूचं बोट नरहरच्या ओठावर आलं. इकडे चाचपलं, तिकडे चाचपलं. काहीतरी हरवलं होतं तिथे. नरहरने रोजच्यासारखं "भुर्रर्र" केलं. तिने आधी आईकडे बघितलं. आई हसत होती, म्हणून मग तीही हसली. पण त्याच्याकडे मात्र आली नाही.

सोमवारी यशश्री बँकेत जायला निघाली, तर अवूने दारात भोकाड पसरलं.

"बाबा, रडून राहिली ती!" यशश्री डोळे पुसत हसली.

"हो, हो! आता पळ, नाहीतर मीही रडीन!"

त्याने हात पसरले. अवू त्याला वळसा घालून वीणाकडे गेली.

"मिशी येईपर्यंत दुकानातच बसत जा," नातीला थोपटत वीणा म्हणाली. "लेकरू घाबरतं. अन् खरं सांगू का, मीही."